कडक तीर

काल मलकापूरच्या घरी लाकडी तिरांना जवसाचं तेल लावायला घेतलं, आणि त्या वासाबरोबर माझे वडील, आबा, समोर येऊन बसले.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत ते मला तिरकमान चालवायला शिकवायचे. एक दिवस आठवतो. हिवाळ्यातली सकाळ होती, निशाण्याचं गोणपाट दवाने भिजलं होतं. आबांचा प्रत्येक तीर डावीकडे जात होता. मग ते खाली बसले आणि एकेक तीर दोन्ही हातांत धरून अंगठ्याने हलकेच वाकवून पाहू लागले. कडक होते ते सगळे त्यांनी माझ्यापुढे ठेवले. मऊ तेवढे स्वतःकडे.

"आबा, हे तर तुमचे आवडते. मले काऊन?"

"कमान पुरी ताणली तरच कडक तीर वाकते, पोरी. अन् सुटताना वाकला तरच तो सरळ जाते. तुह्या हातात आता तेवढा जोर आला."

मी हरखून गेले. ते मात्र मान खाली घालून कमानीच्या दोरीला मेण चोळत राहिले. मेण तर त्यांनी घरूनच लावून आणलं होतं.

आज सकाळी माझे तीर डावीकडे जाऊ लागले. खांदा पूर्वीसारखा मागे येत नाही, कमान पुरी ताणली जात नाही. आबांनी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. मी एकेक तीर वाकवून पाहिला आणि कडक तेवढे लेकीला दिले.

"खरंच मले?" तिने ते छातीशी धरले.

"हाव. तुह्या हातात आता तेवढा जोर आला," मी म्हणाले, आणि दोरीला मेण चोळत बसले.