म्हाताऱ्याचं वकीलपत्र

वर्गात पाऊल टाकलं की सर आधी विचारायचे, "काय मंडळी, कोण कोण जिवंत हाय अजून?" मग आम्ही आदल्या दिवशी वाचलेल्या अंकातून जिवंत सुटलेल्यांची नावं सांगायची. इंग्रजीतलं चारशे वर्षांपूर्वीचं ते सुडाचं नाटक सर वर्षानुवर्षं शिकवत होते आणि त्यात अंकागणिक मुडदे पडत. सगळं कॉलेज त्यांना सूड सर म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. शेवटचा अंक संपला की पुस्तक मिटून म्हणायचे, "आता मरायला कोण उरलं न्हाय. जावा घरला."

सर कागलकडच्या खेड्यातले. तरुणपणी तालमीत घुमलेले, दोन्ही कान कुस्तीत मोडलेले. असल्या कानांचा माणूस इंग्रजी शिकवतोय हे नव्या पोरांना खरंच वाटायचं नाही. मूळ ओळी ते स्वच्छ इंग्रजीत वाचायचे आणि अर्थ मात्र आमच्या बोलीत सांगायचे. मला ते सोयीचं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी उद्यमनगरात ओतकामाच्या शेडमध्ये राबत होतो आणि सकाळच्या कॉलेजला जात होतो. पुण्या-मुंबईच्या साहेबांशी त्यांच्याच भाषेत भाव करता यावा, एवढ्यासाठी मी इंग्रजी घेतलं होतं.

नाटकाची गोष्ट अशी. एका न्यायाधीशाच्या तरुण पोराचा खून होतो. खुनी मोठ्या घरचा, राजाचा पुतण्या. सगळ्या गावाला न्याय देणारा हा बाप स्वतःसाठी न्याय मागायला राजाकडं जातो, तर त्याला बाजूला ढकलतात. सर इथं थांबायचे. "इथपर्यंत ह्यो आपला माणूस. आता पुढं बघा." पुढं बाप दरबारात एक खेळ लावतो, खुन्याला नि त्याच्या साथीदारालाच त्यात सोंगं देतो आणि खेळातले खून खरे करतो. शेवटी लेखणी तासायला म्हणून चाकू मागून घेतो आणि खुन्याच्या म्हाताऱ्या बापालाही भोसकतो.

सरांची शिकवायची एक रीत होती. प्रत्येकानं एका पात्राचं वकीलपत्र घ्यायचं आणि वर्गापुढं त्याची बाजू मांडायची. कुणाचं हवं ते आधी विचारायचे आणि नेमकं त्याच्या विरुद्ध पार्टीचं द्यायचे.

"सर, मला बाप द्या," मी म्हणालो.

"बाप सगळ्यांनाच पायजे. तू खुनी घे."

"खुनी नको. राजा तरी द्या."

"पावणं, ह्यो काय जनावरांचा बाजार हाय? इथं भाव ठरलेला असतोय."

खुन्याच्या त्या म्हाताऱ्या बापाचं वकीलपत्र मात्र कधीच कुणी मागायचं नाही. त्याला बोलायला ओळीच किती होत्या? ते सर स्वतःकडं ठेवायचे.

मला बाप हवा होता त्याला कारण होतं. दत्तू आणि मी भागीत शेड चालवत होतो. पंपाच्या एका भागाचा लाकडी पॅटर्न मी स्वतः हातानं कोरला होता. हा पॅटर्न वाळूत दाबला की साचा तयार होतो आणि त्यात लोखंडाचा रस ओततात. कोरताना पटाशी एकदा निसटली होती, त्याची बारीक खाच कडेला राहिली होती. मी तापानं अंथरुणाला खिळलो असताना दत्तूनं तो पॅटर्न उचलला, गिऱ्हाईक उचललं आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःची भट्टी टाकली. वर सगळ्यांना सांगत सुटला, पॅटर्न माझाच. पुढं एका दुकानात त्याचा माल हातात घेतला, तर कडेला माझ्या पटाशीची खाच. कारखानदारांच्या असोसिएशनच्या पुढाऱ्यांकडं गेलो. ते म्हणाले, घरातलं भांडण घरात मिटवा.

त्याच आठवड्यात कॉलेजसमोरच्या हॉटेलात सरांना चहा घेताना गाठलं आणि म्हणालो, "सर, तुमच्या त्या बापानं केलं ते बराबर केलं."

"व्हय? आणि तू काय करणार हाईस?"

राग माझ्या नाकावर कायम असतो, त्यामुळं पोटातलं बाहेर यायला वेळ लागत नाही. दत्तू, पॅटर्न, खाच, सगळं सांगून टाकलं, आणि मनातला बेतही. दत्तूची भट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या साच्यांत पाणी मारायचं. वाळू प्रमाणाबाहेर ओली राहिली की रस पडताच साचा फुटतो आणि रस बाहेर उसळतो. एकदा असा भडका उडाला, की त्याच्याकडं कामाला कोण उभा राहणार नाही.

सरांनी बशीतला चहा संपवला. "रस ओततोय कोण? दत्तू?"

"त्यो कशाला ओततोय? त्यो खुर्चीत. ओतायला मामा हाय. आमच्याच शेडातला म्हातारा, दत्तूनं नेला."

"तुला काम कुणी शिकवलं?"

"मामानंच."

सरांनी रिकामी बशी कपाखाली सरकवली. मग म्हणाले, "चल, सौदा करू. उद्या वर्गात नाटकातल्या त्या म्हाताऱ्याचं वकीलपत्र तू घे. हरलास तर खुशाल जा पाणी मारायला, मी आडवा येणार न्हाय."

"आणि जिंकलो तर?"

"तर जायाचं न्हाय."

सौद्यात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. सरांनी ते पुरतं ओळखलं होतं. मुद्दाम हरायचं, हे माझ्या रक्तातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उभा राहिलो. समोर वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा, बापाच्या बाजूनं. तो न्यायावर बोलला, राजावर बोलला, फर्डं बोलला. मी मोडक्यातोडक्या भाषेत एवढंच विचारलं, "म्हातारा खेळ बघायला आलता. चांगली कापडं घालून पुढं बसलाता. हा खेळ खरा हाय हे त्याला कुणी सांगितलं होतं का? त्याचंबी पोरगं आताच डोळ्यांपुढं मेलेलं. पोरगं गेल्याचं दुःख काय असतं हे त्या दरबारात एकट्या ह्या बापालाच ठाऊक होतं. त्यानंच त्याच्या पोटात चाकू घालावा?"

बोलता बोलता मला रसाचं भांडं धरून वाकलेला मामा दिसायला लागला. आवाज चढला. हुशार पोरगा खाली बसला.

सर मागच्या बाकावरून म्हणाले, "जिंकलास गड्या. आता नवीन पॅटर्न कोर. खाच ठेवू नको."

कोरला. त्यावरच आज माझी भट्टी उभी आहे. मामाला मी परत आणला आणि हात चालत होते तोवर रस त्यानंच ओतला.

दत्तूला मी माफ केलेलं नाही. लग्नात समोर आला तर पंगत बदलतो. पॅटर्न माझा होता हे त्यानं चार लोकांत अजून कबूल केलेलं नाही, आणि मी ते विसरणार नाही. पण सरांनी माफ कर असं कधी म्हटलंच नव्हतं. त्यांनी फक्त सौदा केला, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मला गुंडाळणारा तो एकच माणूस. त्या गुंडाळण्याचे उपकार मी मानतो.

सर निवृत्त होऊन गावी गेले. शेवटच्या आजारात भेटायला गेलो. अंथरुणावर ते मोडलेले कान तेवढे पूर्वीसारखे होते. मला ओळखलं आणि बारीक आवाजात विचारलं, "काय, कोण कोण जिवंत हाय अजून?"

"मामा हाय, सर. दत्तूबी हाय."

"आणि तू?"

"मीबी हाय की."

सर हसले. हसताना खोकला आला. माझा हात धरून म्हणाले, "मग तुमचं नाटक पडलं म्हणायचं."