कोंडीरामचं सरकतं चाक

चिंचवडच्या एका कंपनीत मी टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला याची नोंद ठेवणं माझं काम. कोंडीराम येळवंडे रोज निघोज्याहून सायकल हाणत वेळेवर यायचा आणि कँटीनमध्ये भांडी घासायचा. सात वर्षं घासली. त्याला जायचं होतं मात्र हत्यारं-साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये.

टूलरूमचा फोरमन रंगराव. आयटीआयचा कागद नसलेल्या माणसाला हा गृहस्थ लोखंड घासायच्या कानशीलाही हात लावू देत नसे. कोंडीराम अर्ज घेऊन गेला की म्हणायचा, "आधी परातीला चकाकी आण." मला या रंगरावाचा असा राग यायचा म्हणून सांगू!

चौऱ्याहत्तर साली सव्वीस जानेवारीच्या खेळांमध्ये मोटरसायकलची शर्यत लागली. कोंडीरामकडे देहूरोडच्या लिलावातली एक लष्करी मोटरसायकल होती, रंगापेक्षा गंजच जास्त. त्यानं नाव दिलं. रंगराव स्वतः नव्या कोऱ्या गाडीवर उतरणार होता. तो सगळ्या कँटीनदेखत म्हणाला, "मला हरवलंस तर सोमवारपासून टूलरूममध्ये ये."

झालं! कोंडीराम इंजिन खोलून बसला. हवा-पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपा कधी उघडायच्या नि कधी मिटायच्या हे ठरवणारं एक दातेरी चाक इंजिनात असतं, दांड्यावर तीन बोल्टांनी पक्कं बसवलेलं. कोंडीरामनं बोल्टांची गोल भोकं घासून लांबट केली. आता बोल्ट ढिले केले की दांडा चाकावर जरासा मागंपुढं सरकवून झडपांची वेळ बदलता येई.

"यानं होतं काय?" मी विचारलं.

"कँटीनचं दार बगा," तो म्हणाला. "सुट्टीच्या गर्दीत दार उशिरा लावलं तर रेट्यात चार माणसं जास्त आत येत्यात. पण गर्दी नसताना उघडं ठिवलं, तर आत आलेली बी भाईर सटकत्यात. इंजिनाचं तसंच हाय. जोरात पळवायचंय, तर झडप उशिरा मिटायची. हळू चालवताना ताकद पायजे, तर लवकर."

शर्यतीसाठी त्यानं अर्थातच उशिरा मिटणारी झडप ठेवली. गाडी सुरुवातीला खोकायची, पण एकदा वेग धरला की चाकणच्या रस्त्यावर एसटीला मागं टाकायची.

शर्यतीच्या सकाळी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मैदान पाहिलं, कुंपण पाहिलं आणि घाबरून नियमच बदलला. वेगाची नव्हे, संथ चालवण्याची शर्यत. शंभर फूट अंतर. पाय टेकला तो बाद, सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला.

कोंडीरामचा चेहरा उतरला. हळू चालवायचं म्हटलं की त्याची गाडी बंदच पडणार. तो गाडी घेऊन कँटीनमागं पळाला, इंजिनाचं झाकण काढलं, दांडा उलट दिशेला सरकवला आणि दोनच स्क्रूंवर झाकण अडकवून धापा टाकत परत आला.

आणि काय सांगू! गाडी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी शांत, इंच इंच सरकायला लागली. एकेकाचे पाय टेकले. उरले रंगराव आणि त्याच्या हातभर मागं कोंडीराम. रंगरावाला घाम फुटला होता, मला आनंदाच्या उकळ्या.

तेवढ्यात निघोज्याहून उशिरा आलेली कोंडीरामची बायको, कस्तुरा, दोरीपाशी पोचली. बदललेला नियम तिला कुठून कळणार? नवरा सगळ्यांत मागं बघून ती कडाडली, "अवं, निजलाय का? पळवा की!"

तेरा वर्षांच्या संसारात कोंडीरामनं तिचा शब्द मोडला नव्हता. त्याची मूठ आपोआप पिळली गेली. इंजिनात आता संथ वेगातली सगळी ताकद भरलेली. गाडी रंगरावाच्या कानाशी वारा घालत रेषा ओलांडून पलीकडच्या खाण्याच्या मांडवात शिरली आणि भज्यांच्या परातीवर थांबली. रंगराव सावकाश मागून आला आणि जिंकला.

"आमचं मालक पयलं आलं!" कस्तुरा नाचायला लागली. तिला खरं सांगायची माझी तरी हिंमत झाली नाही.

रंगराव बक्षिसाचा पेला घेऊन हसत हसत मांडवात आला. "शेवटी परातीतच पडलास," असं म्हणतो आहे तोच त्याचं लक्ष इंजिनाकडे गेलं. झाकण गळून पडलं होतं आणि चाक उघडं दिसत होतं. पांढऱ्या पँटीनिशी तो खाली बसला. लांबट केलेल्या भोकांवरून त्यानं बोट फिरवलं. तिन्ही अगदी एकसारखी, कडेला कुठं खरखर नाही.

"कुठल्या मशीनवर केलंस?"

"कानशीनं, साहेब."

"कानस धरायला कुणी शिकवलं?"

कोंडीराम मातीतली भजी गोळा करत होता. "तुमीच की. चहाचे कप न्यायला यायचो तवा खिडकीपाशी थांबायचो. तुमी पोरांना शिव्या घालून सांगायचा, त्ये ऐकायचो."

रंगरावानं तेलकट बोट स्वतःच्या पँटीला पुसलं. "सोमवारी आठला ये," तो म्हणाला. "कागदाचं मी बघतो."



"येत्यात न्हाई तर काय!" कस्तुरा पदर खोचत म्हणाली. "पयलं आल्यात त्ये!"

रंगरावाच्या हातात जिंकलेला पेला होता. तो त्यानं पाठीमागं लपवला.

"व्हय वहिनी," तो म्हणाला. "पहिलाच आलाय."