डॉक्टरसाठी काढलेला व्हिडिओ

हर्षलाला फिट येते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सातवीत असताना भर प्रार्थनेत ती पहिल्यांदा पडली, तेव्हा कोणी कांदा फोडून नाकाशी धरला होता, कोणी चप्पल. आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे. लग्नाच्या दोन बैठकींत तिने स्वतःच आजार सांगितला, दोन्ही मोडल्या, तिसरी तिने होऊच दिली नाही. आईवडील गेल्यापासून कुंभिवलीच्या आतल्या अंगाच्या त्या गावात, दोन खोल्यांत, ती एकटी राहते.

एकटी राहते म्हणजे शिस्तीत राहते. रसायनीच्या कंपनीची बस सकाळी आठला वळणावर हॉर्न देते, तेव्हा एक गोळी. रात्री आठला दुसरी. खाट काढून टाकलेली, अंथरूण जमिनीवर. न्हाणीला आतून कडी नाही. विहिरीवर एकटीने जायचं नाही, गोंधळाला जागायचं नाही. नवरात्रात बायका उपास धरतात, ही पोटभर जेवते. कोणी टोकलं तर म्हणते, "देवीनं मला सूट दिलीय. तुमाला नाय दिली त्याला मी काय करू?"

फिट येण्याआधी तिला करपलेल्या दुधाचा वास येतो, घरात दूध नसलं तरी. त्यानंतर हातात दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात गॅस बंद करायचा, विळी लांब सारायची आणि जमिनीवर बसायचं. हे तिच्या अंगवळणी पडलेलं. गावच्या शाळेत ती चार वर्षं खिचडी शिजवत होती. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंना तिने आजार सांगितला होता. चार वर्षांत शाळेत तो वास एकदाच आला. ती गॅस बंद करून कोठीत जाऊन बसली. पोरांना खिचडी थोडी उशिरा मिळाली, एवढंच.

शेजारची नंदा तिची लहानपणापासूनची मैत्रीण. हर्षला पडली की तिला कुशीवर वळवायची ती नंदानेच, डोक्याखाली पदर सारायची तीही नंदाच. आई गेल्यावर हर्षलाच्या घराची दुसरी किल्ली नंदाकडेच असायची.

मार्चमध्ये पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, की फिट नेमकी कशी येते ते मला बघायचंय, कोणाकडून तरी व्हिडिओ काढून आणा. हर्षलाने नंदाला सांगितलं.

"येड लागलंय काय तुला?" नंदा म्हणाली. "तू पडणार नि मी शूटिंग करत बसणार?"

"डॉक्टरनीच सांगितलंय गं."

"मंग केस तरी इंचरून पड. डॉक्टर म्हणंल, कुठनं आलीय ही भुताळी."

दोघी पोट धरधरून हसल्या.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी हर्षला भाकऱ्या थापत होती, नंदा दारात बसून बोलत होती. हर्षला म्हणाली, "नंदा, वास आला." नंदाने लगेच फोन धरला. दोन मिनिटं दहा सेकंदांचा तो व्हिडिओ नंदाने त्याच रात्री तिला पाठवला. डॉक्टरांनी बघितला, गोळी वाढवली, आणि हर्षला तो विसरूनही गेली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवडाभर आधी शाळेच्या समितीने तिला बोलावलं. समितीचा अध्यक्ष योगेंद्र तिच्याहून लहान, तिला ताई म्हणणारा. त्याने आपला फोन पुढे केला.

चाळीस सेकंद. फरशीवर पडलेली बाई, वळलेले हात, तोंडाला फेस. हर्षलाने स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला दाखवलं नव्हतं, आणि तिनेही तो उघडला नव्हता. तिला शरम वाटली, पण क्षणभरच. कारण शेवटी फोनमधून आवाज आला, हळू, मायेचा: "हर्षे, मी हाय गं हितं."

तो आवाज ओळखायला तिला कोणाची गरज नव्हती.

"गावात सगळ्यांच्या फोनवर फिरतोय ताई," योगेंद्र म्हणाला. "पालक म्हणतात, अशी बाई आगीपाशी कशाला? उद्या पोराच्या अंगावर टोप सांडला तर?"

माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. गावाने आता बघितलं होतं.

हर्षलाने आपला फोन काढला. "माझ्याकडं सगळा हाय. पयल्यापासून बघा."

समितीतले सगळे वाकले. व्हिडिओत तिने गॅस बंद केला, तवा उतरवला, परात सारली, पदर खोचला आणि खाली बसली. मग ते चाळीस सेकंद आले.

"गॅस तर बंद केला की पोरीनं," सदस्यांमधली म्हातारी सोनुबाई म्हणाली. "आमी तर शुद्धीत असून इसरतो."

योगेंद्रने आपला फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "ताई, कामावरनं काढत नाय. पण शेगडीपाशी दुसरी कोणतरी पायजे. तुमी निवडणं, चिरणं, वाढणं बघा. शेगडीसाठी नंदाचा अर्ज आलाय. मे महिन्यातच आलाय."

घरी जाताना नळावर नंदा भेटली. हर्षला काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुज्या भल्यासाठीच केलं गं. उद्या भाजली असतीस तर मी कोणाच्या तोंडाकडं बघितलं असतं?"

"मंग गॅस बंद केला ते आधीचं कापलंस कशाला?"

नंदाने भरलेली कळशी उचलली, परत खाली ठेवली. पाणी वाहत होतं. हर्षलाने हात पुढे केला. नंदाने कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली आणि दिली.

त्या रात्री हर्षलाला झोप लागेना. आणि झोप मोडली की फिट येते, म्हणून नंदाचा दुप्पट राग आला. काम सोडावं असं तिच्या मनात शंभरदा आलं. पण मग गाव म्हणालं असतं, बघा, जमत नव्हतंच. आठचा हॉर्न वाजला, तिने गोळी घेतली.

शाळा उघडली. शेगडीपाशी नंदा, खाली विळीवर हर्षला. टोपात पाणी उकळलं तसं नंदाने विचारलं, "मीठ किती टाकू?"

"दीड मूठ. तुज्या नाय, माज्या मुठीनं."

ताटं धुणारी मंगळी नवीनच लागलेली. हर्षलाने तिला जवळ बसवलं. "हे बघ मंगळी. मी म्हटलं वास आला, की विळी उचलायची. मला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं. हातपाय दाबून धरायचे नाय. तोंडात चमचा नाय, पाणी नाय. कांदा नाय, चप्पल नाय. घड्याळ बघायचं. पाच मिनटाच्या वर गेलं तर एकशेआठला फोन."

नंदाला हे सगळं तोंडपाठ होतं. ती पळी टोपात धरून तशीच उभी राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "मी हाय ना हितं."

हर्षलाने बटाटा चिरायला घेतला.

"घड्याळ बघायचं, मंगळे," ती म्हणाली. "इसरू नको."