सुवेमा या नावाचा अर्थ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी बऱ्याच गोष्टी सांगत असे, तिला नको असलेल्यासुद्धा. तुम्हाला सांगतो आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर इथेही मी काहीतरी सफाईदार बोलून वेळ मारून नेली असती. ते मला फार छान जमतं.

रायपूरला रेल्वेच्या एका ऑफिसात मी तीस वर्षं बाबूगिरी केली. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक वाचत बसायचो. विद्वान ठरायला आमच्याकडे तेवढं पुरत असे. त्यामुळे कोणाच्या घरी पाळणा हलला की बाप माझ्या टेबलाशी. हिंदू असला तर पंडितानं काढून दिलेलं अक्षर घेऊन यायचा, ‘बडे बाबू, ढ आलाय, आता काय करू?’ बौद्ध असला तर अक्षराची अडचण नसे, त्याला इतिहास हवा असे. आणि सगळ्यांनाच हवं असे ते कॉलनीत कोणाचंच नसलेलं नाव. वर्षभरानं पाहावं तर त्या कॉलनीत त्याच नावाची चार पोरं एकमेकांना ढकलत असायची.

मी या सगळ्याला हसायचो. दुसऱ्यांच्या हौसेला हसण्यात माझी बरीच वर्षं मजेत गेली. यात गुन्हा तो काय, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

रामटेके आमच्याच ऑफिसात फायलींची खोली सांभाळायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, सरळ माणूस. कुठली फाईल कुठल्या गठ्ठ्यात हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं, आणि त्याचा त्यांना जराही गर्व नव्हता. माझ्याबद्दल त्यांना आदर होता. मला पाली वाचता येते, असं त्यांच्या मनात कोणीतरी भरवलं होतं. त्यांनी एकदा तसं विचारलं तेव्हा मी नुसता हसलो होतो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे—अशी माझी तेव्हा समजूत होती. मला पालीतलं एक अक्षर कळत नाही.

लग्नानंतर आठ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. ते माझ्याकडे आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘भाऊ, असं नाव द्या का कोणाच्या घरी नसन. पण त्याले अर्थ पाहिजे. आपल्या जुन्या पुस्तकातला.’

आता बघा—मी काय म्हणायला हवं होतं? मला माहीत नाही, एवढंच. तीन शब्द. एखाद्या विहारात जा, कोणा भन्तेजींना विचारा, इतकं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण माहीत नाही हे शब्द मी त्या ऑफिसात कधी उच्चारलेच नव्हते.

दिवाळीआधी पंडरीच्या बाजारातला एक कापडवाला ऑफिसात साड्या दाखवायला यायचा. त्याचे रिकामे खोके शेजारच्या टेबलावर पडलेले होते. एका खोक्यावर साडीच्या प्रकाराचं नाव छापलं होतं—सुवेमा. कुठल्याशा गिरणीवाल्यानं कानाला गोड लागतील अशी अक्षरं जोडून केलेलं.

मी म्हटलं, ‘सुवेमा.’

गंमत म्हणून म्हटलं. खरंच. संध्याकाळी खोका दाखवायचा, दोघांनी हसायचं, असं काहीतरी मनात होतं. पण त्यांनी अर्थ विचारला, आणि मी थांबलो नाही. मी म्हटलं, बुद्धाच्या काळात सुवेमा नावाची एक मुलगी होती. दुष्काळात गाव एका आजारी भिक्खूला विहिरीवर येऊ देईना, तेव्हा तिनं एकटीनं त्याला पाणी पाजलं. पुढे ती थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी, झाली. सुवेमा म्हणजे पाणी देणारी.

पाण्याचीच गोष्ट मला का सुचली? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मात्र मला तेव्हाच ठाऊक होतं. रामटेकेंच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. गोष्ट कुठे जाऊन लागेल हे बघूनच मी ती फेकली होती. ती लागली. त्यांचे डोळे भरून आले. रजेच्या अर्जाच्या पाठीवर त्यांनी ते नाव आणि अर्थ लिहून घेतला, कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळी मी त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फक्त एवढंच म्हटलं, की माझं नाव कुठे घेऊ नका, लोकांना वाटेल हा मिरवतो. त्यांना तो माझा विनय वाटला. त्यांनी शब्द दिला, आणि—हे लक्षात ठेवा—मरेपर्यंत पाळला.

त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रीत होती, नामकरणाला वंदना झाली की बापानं उभं राहून नावाचा अर्थ सांगायचा. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. चार माणसांत कधी तोंड न उघडणारे रामटेके उभे राहिले आणि त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगितली. कोणी विचारलं, कुठून शोधलं? ते म्हणाले, एका जाणत्या माणसाले विचारलं. माझ्याकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही. बायका पदराला डोळे पुसत होत्या. मी लाडू खाल्ला.

पुढे ते नाव पसरलं. भिलाईत एक सुवेमा झाली, राजनांदगावात दोन. मग मोबाईलचे दिवस आले, आणि बाळांच्या नावांच्या एका साईटवर मला ते सापडलं: सुवेमा, मूळ पाली, अर्थ जलदायिनी, लोकप्रियता दुर्मिळ, पाचपैकी चार तारे. जगात काय काय छापलं जातं त्यावर मी आयुष्यभर टिंगल करत आलो, आणि हे तर माझंच पीक होतं. पाचवा तारा कोणी का कापला असेल, असा विचार मनात आला. तेवढं हसू मला तेव्हाही आलं.

रामटेके निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो, दोन शब्द बोललोही. छान बोललो, असं लोक म्हणाले.

आता खरं सांगायचं ते सांगतो. वर सांगितलं ती थट्टा, फार तर माज. त्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

ते गेल्यावर वर्षभरानं सुवेमा माझ्या घरी आली, समता कॉलनीत. ती नागपूरला पालीत एम.ए. करत होती. नावामुळेच तिनं तो विषय घेतला होता. वर्गात तिनं आपल्या नावाची गोष्ट सांगितली, तर सरांनी विचारलं, कुठल्या ग्रंथात आहे? तिनं तीन महिने शोधलं. कुठेच नाही. थेरींच्या कुठल्या यादीत नाही, शब्दकोशात नाही. सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, घरगुती कल्पना दिसते. पोरं हसली.

‘काका,’ ती म्हणाली, ‘बाबा म्हणत का एका जाणत्या माणसानं सांगतलं. नाव कधी नाही सांगतलं. तुम्ही तर सोबत होते, आपको तो पता होगा. कोण होतं ते?’

तिनं माझ्यावर संशय घेतला नव्हता. ती मला विचारत होती, कारण तिच्या बाबांनी सगळ्यांत जास्त मान ज्याला दिला तो माणूस मी होतो. माझ्यासमोर दोन वाटा होत्या, आणि दोन्ही स्वच्छ दिसत होत्या. घाईत चूक झाली असं मी म्हणू शकत नाही. मी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, चष्मा पुसला. एवढा वेळ होता माझ्याकडे.

मी म्हटलं, ‘जाणता माणूस वगैरे कोणी नव्हता, बेटा. रामटेकेंनी स्वतःच रचलं ते. मी तेव्हाच त्यांना म्हटलं होतं, असं करू नका.’

हे शेवटचं वाक्य कशासाठी? त्याची काही गरज होती का? पहिल्या वाक्यात माझी सुटका झालेली होती.

ती म्हणाली, ‘मतलब बाबा झूठ बोलत होते? सगळ्यांसमोर? मलेपण?’

‘प्रेमापोटी,’ मी म्हटलं.

‘हव,’ ती म्हणाली, आणि चप्पल घालून गेली.

चार-पाच महिन्यांनी वर्तमानपत्रात नावबदलाच्या जाहिरातींत तिची जाहिरात दिसली. नवीन नाव साधं आहे, वर्गात दोन तरी निघतील असं. पाली तिनं सोडली, आता बँकेच्या परीक्षा देते, असं कळलं.

हे मला तिच्या आईनं सांगितलं. तेलीबांधा तलावाच्या कठड्यापाशी संध्याकाळी ती दिसली. टाळायला जागा नव्हती. तीच पुढे आली. आधी पोरीचं सांगितलं, मग पदर सारखा करत थोडी घुटमळली.

‘भाऊजी, तुमाले माफी मागाची होती,’ ती म्हणाली. ‘यायनं खोटंनाटं सांगतलं, अन् तुमी मना केलं तरी आयकलं नाही. पोरगी सांगत होती. तुमाले किती वाईट वाटलं असन. पोरीसाठी सांगतलं ते सांगतलं, पण मले काहून सांगा लागत होतं? मी तर बायको होतो ना त्यायची. आता फोटोकडे पायलं की वाटते, अजून काय काय खोटं होतं.’

आजूबाजूला माणसं चालत होती. मला कसलीही घाई नव्हती. बोलता आलं असतं.

मी म्हटलं, ‘जाऊ द्या वहिनी. माणूस चांगला होता. मी काही मनात ठेवलं नाही.’

तिनं हात जोडले. मीही जोडले.