टेबलावरची गोधडी

काल शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी नीताची बोळिंजची वाडी आठवली. ती माझी कॉलेजातली जिवाभावाची मैत्रीण. तिच्या साखरपुड्याचं जेवण अंगणात होतं. टेबलावर अंथरायला आम्ही दोघींनी आठवडाभर तिच्या मशीनवर बसून गोधडी शिवली. तुकडे मासळी विकणाऱ्या माझ्या आईच्या लुगड्यांचे, चारदा धुतलेले.

तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी टाक्यांवरून हात फिरवला. "कोणी शिवली गं?"

नीताने माझ्याकडे हात केला. "ही ना, शिवायला येते आमच्याकडे."

"मग आम्हालाही दे गं शिवून," सासूबाई मला म्हणाल्या.

आमच्या घरातली पहिली बीए मी. नीताशी पुन्हा बोलले नाही. पण आता जास्त सलतं ते माझंच उत्तर. मान खाली घालून मी विचारलं होतं, "टेबलाचं माप काय?"