सासूबाईंचे पाय आणि हीटरचा डबा

वॉशर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तीस वर्षं त्याने लोकांच्या बाथरूममध्ये गुडघे टेकत काढली, आणि गळती कुठलीही असो, वाकून बघायच्या आधीच त्याचा निकाल तयार असे: "वॉशर गेलाय." शिवाय आधीच्या प्लंबरच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय त्याचा पाना फिरत नसे. तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्या गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. महिन्याभरात तो निःश्वास परत आत ओढावा लागला, कारण वारलेल्या सासऱ्यांची जुनी गाडी येऊन त्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि सकाळी सातपासून ठोकाठोक सुरू झाली.

गाडीवर डोळा दोघांचा होता. एक वॉशरचा, दुसरा त्याच्या थोरल्या साडूचा. साडू बसडेपोतला फोरमन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरात बायकोलासुद्धा ड्युटी लावायचा. अठ्ठावीस वर्षांत या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. लग्नातल्या ग्रुप फोटोत ते दोन टोकांना उभे आहेत. फोटोग्राफर "जवळ या" म्हणाला तेव्हा मधले लोक जवळ आले, हे दोघे जागचे हलले नाहीत.

निवाडा सासूबाईंनी केला. वय ब्याऐंशी, जीभ पंचविशीतली.

"ह्यांच्या शेजारी बसून चाळीस वर्षं माझे पाय गारठले आणि नाकात पेट्रोल गेलं," त्या म्हणाल्या. "रंगाबिंगाचं कौतुक मला सांगू नका. माझ्या बहिणीकडे घाटातून न्या. पोचेपर्यंत पाय गरम राहिले आणि नाकाला वास आला नाही, तर गाडी धाकट्या जावयाची. नाहीतर थोरल्याची. आणि दोघांनी माझ्यासमोर भांडायचं नाही, बाहेर जाऊन भांडा."

शेड वॉशरची, म्हणून पहिली संधी त्याची. इंजिन ठीक होतं. खरं दुखणं होतं हीटरच्या डब्यात. हा पत्र्याचा डबा डॅशबोर्डखाली, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पडद्याला चिकटून बसतो. बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून त्यात येते, आतल्या छोट्या रेडिएटरवर तापते आणि झडपांमधून काचेवर नाहीतर पायांवर जाते. डबा नीट सील नसेल तर गरम हवा भलतीकडे जाते आणि इंजिनाचा वास आत येतो. सासूबाईंची चाळीस वर्षांची तक्रार एवढ्यातच होती.

वॉशरने डबा उघडला. झडपांवरच्या फोमचा काळा भुगा झाला होता. त्याने फुंकर मारली आणि सगळा भुगा त्याच्याच तोंडावर बसला.

"रंग उजळला की तुमचा," बायको दारातून म्हणाली.

"तुझ्या बापाने चाळीस वर्षं डबा उघडला नाही!"

"माझ्या बापाला उद्योग होते."

रविवारी फोरमन 'सहज' आला. हात मागे बांधून डेपोत फिरावं तसा शेडमध्ये फिरला.

"फोम कुठला लावणार? गादीतला?"

"तुमच्या बसमध्ये लावायचे तो नाही लावणार, एवढं नक्की."

"अरे, जो पाणी पितो तो फोम चालत नाही. भिजला की कुजतो. संडासाची टाकी नाही ही."

बोललं ते खरं होतं, म्हणून तर वॉशरच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूने तोंड वाकडं करून सांगितलेली गोष्ट बरोबर निघावी यासारखी दुसरी शिक्षा नाही. त्याने दुकानातून चार प्रकारचे फोम आणले, बादलीत बुडवून एकेक पिळून पाहिला आणि जो पिळल्यावर थेंबही सोडेना तोच घेतला. आधी जाड लावला, झडप मिटेना. दोन दिवस घालवून सगळा खरवडला, मग पातळ लावला. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून झडपेत धरायच्या, झडप मिटायची आणि पट्टी ओढून बघायची. जिथे सुटून येईल तिथे हवा गळणार. कॅलेंडरचे बाराही महिने कापून झाले, शेवटी एकही पट्टी सुटली नाही. रेडिएटरमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून तो टबात बुडवला, एक बुडबुडा आला नाही. दोन पत्रे जुळतात तिथे चिकट पुटीची वळी बसवली. पडद्याला डबा टेकतो तिथे रबराची पट्टी लावली. हात काळे, पाठ मोडलेली, पण काम असं की आधीच्या कुठल्याही कारागिराला शिव्या द्यायला त्याला जागा उरली नाही, आणि त्याला जरा चुकल्यासारखं झालं.

शेवटची परीक्षा उजेडाची. भर दुपारी त्याने पेटता बल्ब डब्यात ठेवला, हवेची सगळी तोंडं बंद केली आणि डब्यासकट ब्लँकेटमध्ये शिरला.

"अहो, आत काय चाललंय?" बायको म्हणाली. "समोरच्या वहिनी खिडकीतून बघतायत."

"त्यांना सांग, तिकीट लागेल."

ब्लँकेटच्या काळोखात डबा काळाकुट्ट दिसला. फक्त तळाशी उजेडाचा एक ठिपका. करंगळी जाईल एवढं भोक, त्याला आखूड रबरी नळीचा तुकडा. कुजकी, तडा गेलेली नळी. प्लंबरने आयुष्यभर भोक या प्रकाराशी वैरच केलेलं. त्याने विचार केला नाही, हात आपोआप चालला. नळी उपटून फेकली, भोकात पुटी कोंबली, वर पत्र्याची टिकली चिकटवली. पुन्हा आत शिरला. आता आत मिट्ट काळोख.

पुढच्या रविवारी फोरमन आला तेव्हा डबा बाकावर उलटा ठेवला होता. त्याने चष्मा लावला, वाकला, टिकलीवरून बोट फिरवलं. तिच्यावर नखाने टकटक केलं. मग म्हणाला, "वा. छान बुजवलंस."

अठ्ठावीस वर्षांतला पहिला चांगला शब्द. वॉशर संध्याकाळी जेवताना स्वतःशीच हसला.

"भावजी तुमचं कौतुक करून गेले?" बायकोचा घास हातात राहिला. "मग तो डबा उद्या पुन्हा उघडून बघा."

"जळतेस तू. सगळं खानदानच जळकं."

डबा काही उघडला नाही.

ठरलेल्या दिवशी गारठा होता आणि पाऊस लागलेला. वॉशर गाडी चालवत होता, शेजारी सासूबाई, मागे बायको आणि परीक्षक म्हणून फोरमन. थोरली मेहुणी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिली. तिला या दोघांमध्ये दोन तास बसायचं नव्हतं.

पहिला तास सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच. पाय उबेत होते. त्यांनी दोनदा नाक वर करून हवा हुंगली, दोन्हीदा निराश झाल्या. वॉशरने आरशात साडूकडे पाहिलं. साडू खिडकीबाहेर बघून मंद हसत होता.

घाट लागला, पाऊस वाढला. डॅशबोर्डखालून हलकी गुळगुळ ऐकू आली.

वॉशरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटला. हा आवाज त्याने तीस वर्षं भिंतींना कान लावून ऐकला होता. डब्यात पाणी साचत होतं. जाळीतून हवेबरोबर पावसाचं पाणी येणार, हे त्याच्या डोक्यात आत्ता आलं. ते जायला वाट हवी, म्हणून तळाला ते भोक होतं. बनवणाऱ्याने ठेवलं होतं. त्याने पुटी कोंबून बुजवलं होतं.

"जावईबापू, पायाशी जरा जास्त सोडा," सासूबाई म्हणाल्या.

"नको सासूबाई, आत्ता राहू दे."

"मिळायला लागलं की लगेच काटकसर!" आणि त्यांनीच लीव्हर ओढला.

सील इतकं पक्कं होतं की अर्धवट उघड्या झडपेच्या काठापर्यंत पाणी साचूनही तोवर एक थेंब बाहेर आला नव्हता. झडप पूर्ण उघडली आणि बादलीभर पाणी भसकन सासूबाईंच्या पायांवर आलं. त्या किंचाळल्या नाहीत. घोट्यापर्यंत भिजलेले मोजे त्यांनी नीट न्याहाळले.

वॉशरने गाडी कडेला घेतली. मागून फोरमनचं हसू फुटलं.

"मी तेव्हाच म्हटलं! बोट फिरवलं तेव्हाच कळलं, निचऱ्याचं भोक बुजवलंय गाढवाने!"

"कधी म्हटलंत?" बायको वळली. "तुम्ही तर छान म्हणालात."

फोरमन लगबगीने चष्मा पुसायला लागला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "आणि तरी तुम्ही मला या पाण्यावर बसू दिलंत."

"सासूबाई, अट त्याची होती..."

"अट माझी होती." त्यांनी वॉशरकडे मान वळवली. "पाणी कसं होतं?"

"गरम," वॉशर पुटपुटला. "रेडिएटरने तापलेलं."

"वास?"

"नव्हता."

"मग पाय गरम, नाक स्वच्छ. कोरडे असावेत असं मी म्हणाले नव्हते, ती चूक माझी. गाडी तुमची. म्हणून तुम्ही शहाणे ठरत नाही. असलं येडं काम मी जन्मात बघितलं नाही." मग मागे न बघता, "थोरले जावईबापू, मोजे काढा."

"काय?"

"लोकरीचे आहेत ना? काढा. कोरडेच आहेत तुमचे."

फोरमनने मोजे काढले. सासूबाईंनी आपले पिळून त्याच्या हातात ठेवले. वॉशर पावसात डॅशबोर्डखाली आडवा झाला, टिकली उचकटली आणि स्क्रूड्रायव्हरने पुटी खरवडली. उरलेलं पाणी त्याच्या बाहीतून काखेपर्यंत गेलं. त्याने शिवी हासडली, पण या वेळी आधीचा कारागीर तोच असल्यामुळे पुढे काय बोलावं ते सुचेना.

गाडी पुन्हा निघाली. चार वळणांनंतर मागून, बुटात उघडे पाय खुपसून बसलेला फोरमन घसा खाकरला.

"जरा मागे पण सोड की गरम हवा."

"मागे येत नाही ती," वॉशर म्हणाला. "सगळं सील केलंय. छान."