आबांचा हात आणि माझं मशीन

मालकांच्या दारात मांडव पडला होता. गडी आंब्याचे टहाळे बांधत होते. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यापासून दहा हात लांब उकिडवे बसलेले आणि मी त्यांच्या मागं. पुढं फडक्यावर नवरदेवाचा नवा जोडा. मालकांनी तो उचलला, उलटासुलटा केला, टाक्यावरून अंगठा फिरवला.

"लई बारीक टाका हाय रं. तुझ्या हातचा न्हाई ह्यो."

आबा खाली बघून म्हणाले, "पोरीनं मशीनवर शिवलाय, मालक."

आता त्या घरची एक रीत होती, ती आधी सांगते. नवी वहाण चावू नये म्हणून घालायच्या आधी ती करणाऱ्याच्या डोक्याला लावायची. तीनदा. काय चावायचं ते त्याला चावून घेऊ दे, असं. आबांच्या डोक्याला लागताना मी लहानपणापासून बघत आले होते. ते टोपी काढून पुढं व्हायचे. देवळात अंगारा लावून घ्यायला माणूस पुढं होतो ना, तसे.

"मग पोरीला फुडं घे," मालक म्हणाले.

मांडवातली माणसं हसली. ओट्यावरून एक बाई म्हणाली, "डोस्क्याला तेल किती थापलंय बघा तिच्या. नवरदेवाचा जोडा घाण व्हईल की!"

मी हलले नाही. हिंमत म्हणून नव्हे, खोटं कशाला सांगू? ती रीत माझ्यावर येईल हे डोक्यात शिरलंच नाही. तेवढ्यात मानेवर हात पडला. आबांचा. घट्टे पडलेला, चामड्याचा वास येणारा, माझ्या रोजच्या ओळखीचा हात. त्यानं मला खाली दाबलं. एकदा. दोनदा. तीनदा. मीच घासून गुळगुळीत केलेला तळ माझ्याच भांगावर.

तेरा वर्षांची होते मी.

आता मशीन आमच्या घरी कसं आलं ते ऐका. आमचं गाव मुळशीत, डोंगराच्या पायथ्याशी, भाताचं. गावात घर आमचं एकच चांभाराचं. मोटा शिवायच्या, वहाणा करायच्या, सुगीला खळ्यावर जे मिळेल ते आणायचं. पौडला चामड्याच्या कामाचा वर्ग निघाला, शिकेल त्याला मशीन मिळणार, असं कळलं आणि आबा निघाले. पन्नाशीचा माणूस, धोतर खोचून वर्गात जाऊन बसला. मी त्यांची भाकरी घेऊन जायची. चालत.

वर्गात मशीन पहिल्यांदा बघितलं तेव्हा भ्यालेच. काळं, जडशीळ, उंटासारखी लांब मान. उजव्या हाताला मोठं चाक. सुई केवढी, तर दाभणाची धाकटी बहीण. आणि तिच्या शेजारचा लोखंडी पाय वाटेल त्या दिशेला फिरायचा. कापडाच्या मशीनवर कापड वळवतात, इथं चामडं जागेवर आणि पाय वळतो. चाक उजव्या हातानं, पाय डाव्या हातानं. वळायच्या आधी सुई चामड्यात खाली रुतलेली पाहिजे. वर असली की टाका गेलाच. आणि चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, बाई. चुकलं की जन्माचं दिसतं.

आबांना ते जमेना. का जमेना, ते मास्तरला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं. आबांनी चाळीस वर्षं आरीनं भोक पाडून हातानं टाका घातलेला. टाका पडला की ओढायचा, करकचून, खांद्यापासून. हाताला तेच ठाऊक. मशीननं टाका टाकला की आबांचा हात आपोआप चामडं ओढायचा. कट्! सुई मोडली. परत दुसरी. परत कट्!

मास्तर पुण्याचे. प्यायचं पाणी घरून आणायचे, आमच्या मडक्याला शिवायचे नाहीत. ते म्हणायचे, "अहो, ओढू नका! यंत्र ओढतं. तुमचं काम फक्त धरायचं." पोरसवदा शिकणारे हसायचे. मुलखात ज्याच्या मोटेतून थेंब गळत नव्हता तो माणूस मान खाली घालून मोडक्या सुया गोळा करायचा.

मास्तर जेवायला गेले की आबा म्हणायचे, "तू बघ गं बसून. तुजी नजर कवळी हाय."

माझ्या हाताला कसलीच सवय नव्हती. म्हणून मला आलं. एवढंच. त्यात हुशारी काही नाही. आबांची सारी कारागिरीच त्यांच्या आड आली आणि माझं अडाणीपण माझ्या कामी आलं. पहिल्यांदा सरळ शिवण उतरली, तेव्हा आबांनी ती डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "आरं तिच्या! माझ्यापरास सरळ." हसले. पण ते हसू पुरतं तोंडावर आलं नाही. मी पाहिलं.

मुलींचं नाव वर्गात घेत नव्हते. मशीन आबांच्या नावावर आलं. ते मोजमाप घ्यायचे, कातडं कापायचे, मी शिवायची. लग्नातला तो जोडा मी असाच शिवला. हौसेनं. मालक शाबासकी देतील असं वाटलं होतं मला. कसली वेडी होते!

त्या दिवशी घरी आल्यावर मी डोकं धुतलं. दोनदा. आबा म्हणाले, "रीत हाय ती. आपुन काय झिजतो व्हय?" मी केस पुसत राहिले. पण रोज चाकावर हात ठेवला की मानेवर तो हात यायचा.

दसऱ्याला मालकांनी स्वतःसाठी जोडा सांगितला. मी शिवला, चांगला शिवला. काम वाईट करायचं मला येत नव्हतं. तेच अंगण. मालकांनी जोडा उचलला. मी उठून उभी राहिले.

"चावला तर माघारी द्या," मी म्हणाले. "लाकडी फरम्यावर चढवून सैल करून दीन. डोक्याला न्हाई लावायचा."

"काय म्हनली ही?"

आबांचा हात उठला. मी तो हवेतच धरला. घट्ट धरला. मालक माझ्याशी बोललेच नाहीत. आबांना म्हणाले, "पोर लई शिकली रं तुझी. आता सुगीला खळ्यावर तिलाच धाड."

आबांनी हात सोडवून घेतला. टोपी काढली. पुढं होऊन जोडा मागून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर मारला. लावला नाही. मारला. तीनदा. "घाला मालक," म्हणाले, "नेणती हाय ती."

बांधावरून येताना ते पुढं, मी मागं. घराशी आल्यावर म्हणाले, "तू न्हाई वाकलीस, म्हनून मला दुप्पट वाकाय लागलं."

मी जाऊन मशीनच्या चाकावर हात ठेवला.

आणि सांगितलं, "आबा, त्या घरचा जोडा आता ह्या मशीनवर चढनार न्हाई."

आबांनी आरी काढली. त्या घरचे जोडे ते हातानं शिवू लागले. बोटं वाकडी झालेली, दिसायचं कमी. आरी चामड्यात जायच्याऐवजी अंगठ्यात जायची. चिंधी बांधून परत बसायचे. मी चार हातांवर बाजारात विकायचे कमरेचे पट्टे शिवत असायची. एकदा जोडा पुढं करून म्हणाले, "येवडी एक बाजू मार गं. तुला काय, घटकाभराचं काम."

मी चाक फिरवत राहिले. मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी चामड्यावर पडत होतं, तरी नाही केली.

ते गेले तोपर्यंत त्या घरचे जोडे हातानंच शिवत राहिले आणि डोक्याला लावत राहिले. भाकरी मात्र माझ्या बाजारातल्या कमाईची खात होते. दोघांनाही ते माहीत होतं.

माझी लेक म्हणते, "आई, बापासाठी एक बाजू मारली असतीस तर काय बिघडलं असतं?" काळीज फाटतं माझं. बाई, रात रात फाटतं. पण आज आबा इथं येऊन बसले, रक्ताळलेला अंगठा पुढं करून परत तेच म्हणाले, तरी त्यांचा अंगठा मी धुवीन, बांधीन, त्यांना पोटाशी धरीन. त्या घरच्या जोड्याला सुई लावणार नाही.